पर्यटनाचे उच्च शिक्षण आणि गावाची मर्यादा

(शासकीय अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



शाश्वत पर्यटन व्यवस्थापन या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासंबंधी आज आपल्यापुढे काही विचार मांडावयाचे आहेत. विद्यापीठातील एका अभ्यासक्रमाचा आपल्या ग्रामपंचायतीशी संबंध काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तो संबंध फार निकटचा आहे, हेच मला सांगावयाचे आहे.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचा वारसा म्हणून 12 किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे 11 किल्ले महाराष्ट्रात असून बारावा जिंजी तामिळनाडूत आहे. प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ही घटना होय. तथापि, अशा स्थळाचे नाव सर्वतोमुखी झाले की तेथे येणाऱ्या माणसांचा ओघ वाढू लागतो. गडावरची पायवाट मात्र रुंद होत नाही, पाण्याची टाकी मोठी होत नाहीत आणि पायथ्याच्या गावातील विहिरीला नवे झरे फुटत नाहीत. मग एका दिवशी गडावर किती माणसे जाऊ द्यावयाची? गाड्या कोठे उभ्या करावयाच्या? गोळा होणाऱ्या पैशातून गावाला काय मिळावयाचे? हे निर्णय आज ना उद्या कोणाला तरी घ्यावेच लागतात. ते अंदाजाने घ्यावयाचे की अभ्यासाने, एवढाच प्रश्न उरतो. अभ्यासाने घ्यावयाचे असतील, तर तो अभ्यास केलेली माणसे तयार करावी लागतील.

प्रवास जुना, शास्त्र नवे

प्रवास आपल्याला नवा नाही. पंढरीची वारी हे तर शिस्तबद्ध प्रवासाचे आपल्या घरचे उदाहरण आहे. रथापुढे कोणती दिंडी आणि रथामागे कोणती, याचा क्रम ठरलेला; मुक्कामाची गावे ठरलेली; चोपदाराने चोप उंचावला की अवघा समाज शांत होतो. लाखो माणसांची वाटचाल परंपरेने घालून दिलेल्या नियमांवर चालते. त्याचप्रमाणे देवराईचे. देवाच्या रानातील वाळकी काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही, हा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला आणि पिढ्यान् पिढ्या पाळला. मर्यादा ही कल्पना आपल्या लोकांना परकी नाही, हे प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

वारीचे नियम वारकऱ्याने पाळले, कारण तो त्याच परंपरेतला होता. आजचा पर्यटक हा अनोळखी असतो. तो सुट्टीच्या दिवशी मोटारीने येतो, चार तास थांबतो आणि परत जातो. त्याचे आणि गावाचे नाते कोणत्याही परंपरेने बांधलेले नाही. ते व्यवस्थेने बांधावे लागते. ही व्यवस्था शिकविण्याचे प्रयत्न आपल्या देशात अगदी अलीकडचे नव्हेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना 1975 मध्ये झाली. 1983 मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. तिचे मुख्य केंद्र ग्वाल्हेर येथे असून गोव्यासह अन्य ठिकाणीही तिच्या शाखा आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून या विषयातील पदव्युत्तर पदवी घरी राहून घेता येते. अजिंठा-वेरूळच्या सान्निध्यात असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही पर्यटन प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. 1997 मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तेव्हा या शिक्षणाची गरज किनाऱ्यावरील गावांपर्यंत येऊन पोहोचली होती.

परंतु पर्यटन व्यवस्थापन आणि शाश्वत पर्यटन व्यवस्थापन यांत एक महत्त्वाचे अंतर आहे. पहिल्याचा भर अधिक पर्यटक कसे आणावेत यावर असतो. दुसऱ्याचा आरंभ किती पर्यटक आणावेत, या प्रश्नापासून होतो.

शाश्वत या शब्दाचे मूळ

शाश्वतता हा शब्द आज सर्वत्र ऐकू येतो आणि अतिवापरामुळे त्याची धार बोथट होत चालली आहे. त्याचे मूळ पाहिले तर अर्थ स्पष्ट होतो. ही कल्पना वनविद्येतून आली. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात खाणींचा कारभार पाहणारे हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी 1713 मध्ये वनसंवर्धनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. धातू वितळविण्याच्या भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडापायी जंगले उजाड होत होती. जंगलात जेवढी नवी वाढ होते, तेवढेच लाकूड तोडावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश होता. मुद्दल राखावे आणि व्याजावर जगावे, हा संसारी माणसाचा नियमच त्यांनी जंगलाला लावला.

बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या गावी 1830 मध्ये वनविद्येचे शिक्षण सुरू झाले. आज त्याच गावातील उच्च शिक्षण संस्थेत शाश्वत पर्यटन व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घेता येते. वनविद्येच्या गावी पर्यटनाचा हा अभ्यास रुजावा, हे मोठे सूचक आहे. आपल्या देशाचाही या परंपरेशी संबंध आला तो 1864 मध्ये, भारताचे पहिले वन महानिरीक्षक म्हणून डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञांची नेमणूक झाली तेव्हा.

पुढे 1987 मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या जगापुढे ठेवली. आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या सामर्थ्याला बाध येऊ नये, असा तिचा आशय आहे. 1992 च्या रिओ परिषदेने तिला जागतिक कार्यक्रमाचे रूप दिले आणि 2017 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी विकासासाठी शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. या साऱ्या इतिहासाचे सार एकच आहे. डोंगर, किनारा, लेणी, रान आणि गावाचा एकोपा हे आपले मुद्दल आहे. पर्यटनाचे उत्पन्न हे त्यावरील व्याज असले पाहिजे.

संख्येचे गणित

व्याज किती आणि मुद्दल किती, हे ओळखावयाचे कसे? पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एक पायाभूत विषय म्हणजे स्थळाच्या धारणक्षमतेचे मापन. मिगेल सिफुएन्तेस यांनी 1992 मध्ये कोस्टा रिकामध्ये मांडलेली पद्धत या कामी पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. ती समजण्यास कठीण नाही. केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊन ती आपल्यापुढे मांडतो.

समजा, एका गडाची वाट 1,500 मीटर लांबीची आहे. दहा-दहा जणांचे गट सोडावयाचे ठरविले. एका गटाला वाटेवर 20 मीटर जागा लागते आणि दोन गटांत 80 मीटर अंतर ठेवावयाचे आहे. म्हणजे एका गटामागे 100 मीटर वाट लागते. अशा रीतीने एका वेळी 15 गट, म्हणजे 150 माणसे वाटेवर मावतात. गड 9 तास उघडा असतो आणि एका फेरीला दीड तास लागतो, तेव्हा दिवसाला सहा फेऱ्या होतात. 150 गुणिले 6, म्हणजे 900 माणसे. ही झाली जागेच्या हिशेबाने येणारी कमाल संख्या.

आता या संख्येला वास्तवाच्या चाळणीतून काढावयाचे. 9 तासांपैकी 3 तास ऊन वा दाट धुके यामुळे चढण्यास योग्य नसतात. उरले दोन-तृतीयांश. 900 ची संख्या 600 वर आली. 1,500 मीटरपैकी 300 मीटर वाटेवरील पायऱ्या खचल्या आहेत आणि तेथे गर्दी होऊ देणे धोक्याचे आहे. उरले चार-पंचमांश. 600 चे 480 झाले. शेवटी व्यवस्था तपासावयाची. पहारेकरी, वाटाडे, स्वच्छता कामगार असे 20 जण हवे असताना प्रत्यक्षात 10 जणच आहेत. व्यवस्था निम्मी, म्हणून संख्याही निम्मी. 480 चे 240 झाले.

जेथे 900 माणसे सहज मावतील असे डोळ्यांना दिसत होते, तेथे व्यवस्था 240 चीच आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच वाटेवर दोन-तीन हजार माणसे आली तर काय होईल, हे सांगण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाही. या गणितात आणखी एक शहाणपण दडलेले आहे. संख्या वाढवावयाची असेल तर वाट रुंद करण्यासाठी सुरुंग लावण्याची आवश्यकता नाही. आणखी दहा माणसे नेमा, पायऱ्या नीट बसवा, संख्या आपोआप 600 वर जाईल. गावातील तरुणांना रोजगार आणि गडाला संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने साधतात.

संख्येच्या पलीकडे

तथापि, केवळ आकडा काढणारा विद्यार्थी हा अर्धाच शिकलेला म्हणावा लागेल. शंभर शिस्तशीर माणसे जेवढी हानी करीत नाहीत, तेवढी दहा बेशिस्त माणसे करतात. म्हणून 1985 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधकांनी निराळ्या बाजूने विचार मांडला. माणसे आली की काही ना काही बदल होणारच. त्यांपैकी कोणता बदल आपण चालवून घ्यावयाचा आणि कोणता नाही, हे संबंधितांनी एकत्र बसून आधीच ठरवावे. त्याच्या खुणा निश्चित कराव्यात. त्या खुणांवर वर्षानुवर्षे नजर ठेवावी. मर्यादा ओलांडली जाताना दिसताच उपाय योजावा.

आपल्या गावांच्या भाषेत या खुणा अगदी साध्या असतात. पायवाटेची रुंदी किती झाली? एप्रिल अखेरीस विहिरीत किती हात पाणी उरले? रात्री दहानंतर कर्णे वाजतात का? कोकणात पर्यटकांचा हंगाम ऐन मे महिन्यात येतो आणि त्याच महिन्यात विहिरी तळ गाठतात. हे ज्याने मोजले नाही, त्याने केलेली पर्यटन योजना कागदावर कितीही सुबक असली, तरी ती गावाच्या घशाला कोरड आणणारीच ठरेल.

या अभ्यासक्रमात शिकविले जाणारे आणखी दोन सिद्धान्त लोकप्रतिनिधींनी जाणून घ्यावेत असे आहेत. 1980 मध्ये रिचर्ड बटलर यांनी पर्यटन स्थळाच्या जीवनक्रमाच्या अवस्था मांडल्या. प्रथम मोजके प्रवासी स्थळ शोधून काढतात, मग स्थानिक लोक सोयी करू लागतात, पुढे बाहेरचे भांडवल येते, भरभराट होते, वाढ थांबते आणि शेवटी एकतर स्थळ सावरते किंवा त्याला उतरती कळा लागते. तत्पूर्वी 1975 मध्ये जॉर्ज डॉक्सी यांनी यजमान लोकांच्या मनोवृत्तीचा क्रम सांगितला होता. आरंभी आनंद, नंतर उदासीनता, मग चीड आणि अखेरीस वैर. आपले गाव यांपैकी कोणत्या पायरीवर उभे आहे, हे वेळीच ओळखले तर पुढची पायरी टाळता येते. वैरापर्यंत पोहोचलेल्या गावात फलक लावून आतिथ्य परत येत नसते.

कासचा धडा

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. सातारा शहरापासून सुमारे 25 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,200 मीटर उंचीवर कासचे पठार आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते आणि श्रावण-भाद्रपदात सारे पठार फुलांनी भरून जाते. तेरडा, गेंद, सीतेची आसवे, वायतुरा अशी कितीतरी फुले तेथे आढळतात. पठारावर नोंदल्या गेलेल्या वनस्पतींच्या जाती 850 च्या वर आहेत. 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कासचा समावेश झाला.

मातीचा थर जेथे बोटभर, तेथे पाऊल पडले की रोप तर मरतेच, शिवाय माती दबून पुढील वर्षीचे बीही रुजत नाही. माणसांचे लोंढे येऊ लागले तेव्हा वन विभागाने परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना बरोबर घेऊन उपाय योजले. प्रवेश शुल्क बसविले, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा घातली. शुल्क गोळा करणे, वाट दाखविणे, वाहने लावून घेणे, कचरा उचलणे ही कामे गावातील लोकांकडे आली. मर्यादा घालणे शक्य आहे आणि ती घातल्याने गावाची कमाई बुडत नाही, हे कासने दाखवून दिले.

कासचा दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. फुलांच्या रक्षणासाठी पठाराला जाळीचे कुंपण घालण्यात आले होते. माणसे अडली, पण त्याबरोबर गुरेही अडली. पूर्वापार त्या पठारावर गुरे चरत आली होती. त्यांच्या चरण्याने गवत आटोक्यात राहत होते आणि लहान फुलझाडांना ऊन मिळत होते. चराई थांबल्यावर गवत माजले व फुलांना बाधा पोहोचू लागली, असे स्थानिक लोक व अभ्यासक सांगू लागले. पुढे ते कुंपण काढण्यात आले. पठार हे निर्जन निसर्गाचे नव्हे, तर माणूस, गुरे आणि पाऊस यांच्या जुन्या सहवासाचे फळ आहे, ही गोष्ट गुराख्याला ठाऊक होती. म्हणूनच माझे असे मत आहे की, या विषयाच्या विद्यार्थ्याने पहिले सत्र ग्रंथालयात घालविले असेल, तर दुसरे गुराख्याच्या मागे फिरण्यात घालवावे.

पैशाची वाट

पर्यटनाने गावाचा विकास होतो, असे आपण सहज म्हणतो. अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी येथे थांबून विचारतो की, पैसा गावात आला खरा, पण तो गावात राहिला किती? समजा, एका पर्यटकाने गावात येऊन 1,000 रुपये खर्च केले. राहण्याचे 600 रुपये शहरातील हॉटेलमालकाच्या खात्यात गेले. जेवणाच्या 300 रुपयांपैकी 200 रुपयांचे धान्य, भाजी, तेल शहरातूनच आले. उरलेल्या 100 रुपयांच्या वस्तूही बाहेरच्या कारखान्यात तयार झालेल्या, त्यावर दुकानदाराला सुटले 20 रुपये. गावात राहिले अवघे 120 रुपये आणि सगळा कचरा. या प्रकाराला या शास्त्रात गळती म्हणतात. फुटक्या घागरीत कितीही पाणी ओतले तरी ती भरत नाही. आधी भोक बुजवावे लागते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने हे भोक कसे बुजविले, ते पाहण्याजोगे आहे. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. पूर्वी ती अंडी काढून खाल्ली वा विकली जात. उरलेली कुत्री-कोल्ही उकरीत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या सहकार्याने संरक्षणाचे काम हाती घेतले. अंडी सुरक्षित कुंपणातील वाळूत ठेवावयाची आणि सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडावयाची, अशी ही रीत. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय गावकऱ्यांच्या घरीच होते. जेवण घरचे, वाढणारे हात घरचे आणि पैसाही घरातच राहतो.

वेळासची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पिल्ले कोणत्या दिवशी निघतील, हे कासवच ठरविते. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. कधी डझनावारी पिल्ले दिसतात, तर कधी एकही नाही. पाहुण्याला हे सत्य आधी सांगावे लागते. जे आपल्या हाती नाही, त्याची हमी देऊ नये, ही सचोटी जाहिरातशास्त्राच्या वर्गात सहसा शिकविली जात नाही. ती वेळासच्या वाळूत शिकता येते.

माणसाचाही विचार

निसर्ग राखला म्हणजे शाश्वतता साधली, असेही नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे आणि 2003 मध्ये तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्यामुळे तेथील झाडी व शांतता पुष्कळशी टिकून राहिली, हे निर्विवाद होय. परंतु मोटार थांबली, त्या ठिकाणी ओझे माणसाच्या अंगावर आले. माणसाने माणसाला ओढून नेण्याच्या हातरिक्षा तेथे वर्षानुवर्षे चालत राहिल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचे आणि रिक्षा ओढणाऱ्यांना विजेवरील रिक्षांच्या योजनेद्वारे पर्यायी उपजीविका देण्याचे आदेश दिले.

हे प्रकरण प्रत्येक पदव्युत्तर वर्गात शिकविले जावे, असे आहे. येथे झाडाचा हक्क आणि माणसाचा हक्क एकमेकांसमोर उभे राहिले. घोडेवाले, हमाल, रिक्षावाले, दुकानदार आणि पर्यटक यांचे हितसंबंध निरनिराळे. ज्याला यांपैकी एकाचेच ऐकण्याची सवय लागली, तो व्यवस्थापक होऊ शकत नाही.

शिक्षण कसे असावे?

या दृष्टीने पाहता, या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणाची चौकट आपोआपच स्पष्ट होते. परिसरविज्ञान, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, हिशेब आणि आराखडा ही त्याची अंगे आहेत. कायद्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972, पर्यावरण संरक्षण अधिनियम 1986, किनारा नियमन क्षेत्राचे नियम, जैवविविधता अधिनियम 2002 आणि वनहक्क अधिनियम 2006 यांची ओळख हवीच. पण त्याहीपेक्षा क्षेत्रकार्य महत्त्वाचे. विद्यार्थ्याने एकाच गावात वर्षाचे तिन्ही ऋतू काढावेत. पावसाळ्यात वाट कशी वाहून जाते, हिवाळ्यात गर्दी कशी येते आणि उन्हाळ्यात पाणी कसे आटते, हे त्याने स्वतः पाहून नोंदवावे. त्याचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात न राहता ग्रामसभेपुढे मराठीत वाचला जावा. ग्रामसभेला जो समजत नाही, तो प्रबंध त्या गावाच्या उपयोगाचा नाही.

या शिक्षणासमोरील अडचणही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना नोकरीची दारे मुख्यतः प्रवासी कंपन्या, हॉटेले व विमान कंपन्या यांची उघडी असतात. तेथे त्यांनी विक्रीचे काम उत्तम करावे, अशी अपेक्षा असते. मर्यादा सांगावी अशी नव्हे. जिल्हा परिषद, वन विभाग, पुरातत्त्व विभाग आणि मोठ्या यात्रांची ग्रामपंचायत यांच्याकडे अशा प्रशिक्षित व्यक्तीसाठी काम निर्माण झाले नाही, तर हे ज्ञान गावापर्यंत पोहोचणार नाही. ज्या घरच्या मुलीने किंवा मुलाने हे शिक्षण कष्टाने घेतले, त्यांनाही ते घेऊन शहरातच राहावे लागेल.

आपल्याकडून अपेक्षा

म्हणून आपणा तिन्ही वर्गांपुढे काही सूचना ठेवतो.

शिक्षकांनी आपल्या शाळा-महाविद्यालयांतील योग्य विद्यार्थी ओळखावेत. ज्याला गावच्या झाडाझुडपांची नावे ठाऊक आहेत, माणसांशी बोलता येते आणि हिशेबाचा कंटाळा नाही, असा विद्यार्थी या विषयाला हवा. भूगोल, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र वा समाजकार्य यांपैकी कोणत्याही पदवीनंतर त्याला या वाटेकडे वळता येईल, अशी माहिती त्याला वेळीच मिळावी.

अधिकाऱ्यांनी अशा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष नोंदी पाहू द्याव्यात, मोजणीची परवानगी द्यावी आणि त्यांच्या निष्कर्षांवर निर्णय घेण्याची तयारी ठेवावी. निष्कर्ष गैरसोयीचा असला तरी तो फाइलीत मिटून ठेवू नये. मर्यादा घालण्याचा निर्णय आज अप्रिय वाटतो. न घातल्याचे परिणाम निस्तरणे मात्र अनेक पटींनी जड जाते.

ग्रामपंचायत सदस्यांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवर कर बसविण्याची तरतूद पूर्वीपासून आहे. जैवविविधता अधिनियमाखाली गावाने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ही साधने हाती असताना विद्यापीठातून कोणी येईल, याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. एक साधी वही घ्यावी. रोज किती वाहने आली, किती माणसे आली, विहिरीची पातळी किती, किती पोती कचरा निघाला आणि गावातील किती घरांना काम मिळाले, एवढ्या पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात. दोन वर्षांनी एखादा पदव्युत्तर विद्यार्थी गावात येईल, तेव्हा ती वही त्याच्या अभ्यासाचा पाया ठरेल. आणि तो आला नाही, तरी गावाने किती पाहुणे घ्यावेत, या चर्चेत आपले म्हणणे पुराव्याने मांडण्याचे बळ त्या वहीमुळे गावाला मिळेल.

मित्रहो, अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती आहे. परंतु आपल्या घरी किती पाने वाढता येतील, हे घरच्या गृहिणीला नेहमीच ठाऊक असते आणि त्यात कोणाला कृपणता दिसत नाही. आलेला प्रत्येक जण तृप्त होऊन जावा, घरच्या मुलांनाही जेवण उरावे आणि उद्याचा शिधा शाबूत राहावा, असा तिचा हिशेब असतो. तोच हिशेब डोंगर, किनारा, गड आणि गाव यांच्या बाबतीत नीट मांडता यावा, यासाठी हे उच्च शिक्षण आहे. ते घेणारे तरुण आपल्याच गावांतून पुढे यावेत आणि आपल्याच गावांच्या कामी यावेत, अशी अपेक्षा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.